अठ्ठावीस तारखेची ओळ

१

खट्ट.

भाताच्या कुकरचा खटका वर उडाला, आणि तो अख्ख्या गल्लीने ऐकला असणार असं रासमिनीला वाटलं. सहाला दहा मिनिटं कमी होती. न्येपी, नव्या वर्षाचं ते मौनव्रत, अजून संपलं नव्हतं. कालच्या सूर्योदयापासून आजच्या सूर्योदयापर्यंत दिवा नाही, चूल नाही, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. गियान्यारसारखं बोलघेवडं गाव त्या दिवशी इतकं गप्प बसतं की पालीलासुद्धा चुकचुकायची लाज वाटावी. आणि अशात हिने कुकर लावला होता. पाच वर्षांची सास्मी पहाटेपासून "मेमे, भूक" म्हणत आईच्या कुशीत ढुशा देत होती. देवांनी समजून घेतलं असतं. प्रश्न सासूबाईंचा होता.

"ऐकलं हं मी," सासूबाई अंगणापलीकडून म्हणाल्या.

"लेकरासाठी लावलाय, आई."

"दहा मिनिटांत काही वाळून गेली नसती ती."

न्येपीच्या दिवशी भांडायचं नसतं, हा त्या दिवसाचा मोठाच फायदा. रासमिनीने वाटीत भात काढला, फुंकर मारून निववला, आणि झोपेतच आ करणाऱ्या त्या तोंडात पहिला घास घातला. मुलीच्या गालावर उशीची घडी उमटली होती. ती बोटाने पुसत तिने दुसरा घास निववला.

सहा वाजले. कुठेतरी कोंबडा ओरडला, लगेच एक स्कूटर चालू झाली, आणि बंद ठेवलेलं नेटवर्क परत आल्याबरोबर फडताळातला फोन थरथरत कडेपर्यंत सरकत गेला. चौसष्ट निरोप. साठ जणांनी क्षमा मागितली होती, कारण न्येपीच्या दुसऱ्या दिवशी सगळेच एकमेकांची क्षमा मागतात. उरलेले चार बागासचे होते. रुग्णालयातल्या संगणक विभागाचा हा प्रमुख मूळचा सुराबायाचा, आणि निरोपही तारेच्या भाषेत धाडायचा.

"औषधांची फाइल कोणीतरी बदलली."

"एका बाळाला दहापट डोस जाणार होता."

"केतुत दार्साना सापडला."

चौथा वाचून तिच्या हातातली वाटी कलली. "बारा वाजता पोलिसांना कळवतोय. तुमच्या सहीचा कागद घेऊन या."

२

रासमिनीचं काम सांगायला सोपं आणि करायला वैतागाचं होतं. मुलांच्या त्या रुग्णालयातल्या संगणकांवर ज्या महत्त्वाच्या फाइली होत्या, त्या प्रत्येकीचा एक ठसा राखणदार नावाच्या प्रणालीने घेऊन ठेवला होता. फाइलीत एक टिंब जरी हललं तरी ठसा बदलायचा, आणि राखणदार ओरडायचा. चोर आला तरी ओरडायचा आणि घरचा माणूस आला तरी ओरडायचा. घरचं कोण आणि चोर कोण, हे त्याला कळत नसे. ते रासमिनीने फोन करकरून विचारायचं. "देसाक, ही फाइल तुम्ही बदललीत का? ब्ली तुत, ही तुमची का?" दिवसाला तीसतीस फोन. लोक तिचा आवाज ऐकला की आधीच "हो, हो, मीच" म्हणून मोकळे व्हायचे.

त्यातून वर्षातले मोठे बदल सगळे न्येपीला. त्या दिवशी बाहेरचा एकही रुग्ण येत नाही, नवी आवृत्ती चढवायला याहून चांगला मुहूर्त नाही. पण एकाच दिवसात हजारो फाइली बदलल्या की राखणदार बोंबलून जीव नकोसा करी. म्हणून यंदा बागासने तोडगा काढला होता: त्या दिवसापुरती सवलत. सवलतीत जे बदलेल ते सगळं केतुत दार्सानाच्या नावावर मंजूर, ओरडायचं नाही. कागदावर लिहिलं होतं, "तारीख २९, पूर्ण दिवस." खाली बागासची सही आणि रासमिनीची.

सास्मीचं बोट धरून ती बैठकीच्या खोलीत शिरली, तेव्हा त्या कागदाची बागासकडची प्रत तिच्याआधीच टेबलावर पोहोचलेली होती. नवरा देवळात आणि सासूबाई माहेरी क्षमा मागायला गेल्यावर मुलीला ठेवणार कुठे?

"लहान मुलीला आणलंत?" बागास म्हणाला.

"तुम्ही सांभाळणार असाल तर घरी ठेवून येते, मास बागास." सुराबायाकडच्या दादाला मास म्हणतात.

संचालक डॉक्टर विबावांनी हात वर करून दोघांना थांबवलं. रात्रभर न झोपल्याने त्यांचे डोळे सुजले होते. "कोमांग, बस," ते रासमिनीला म्हणाले; जवळचे तिला कोमांग नाहीतर नुसतं मांग म्हणत. "परवा रात्री एका औषधाच्या नव्या बाटल्या आल्या. औषध दुप्पट तीव्र, म्हणून किलोमागे शून्य पूर्णांक पाचच्या जागी शून्य पूर्णांक पंचवीस मिली द्यायचं. फाइलीत झालं दोन पूर्णांक पाच."

"टिंब सरकलं."

"टिंब एकच घर सरकलं. बाळ तीन किलोचं. काल संध्याकाळी सुचिती सिस्टरने पडद्यावर साडेसात मिली वाचलं आणि तिला सिरिंजच लहान पडली. म्हणून ती थबकली. हाताने हिशेब केला, बाटलीवरचं लेबल वाचलं, ड्यूटीवरच्या डॉक्टरला उठवलं." त्यांनी डोळे चोळले. "बाळाचा बाप बाहेर बाकावर बसलाय. कोणी केलं, विचारतोय. मला त्याला नाव द्यायचंय."

नाव कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलं होतं. केतुत दार्साना, पंचावन्न वर्षांचा तंत्रज्ञ, सगळ्यांचा ब्ली तुत, म्हणजे तुतदादा, आणि सास्मीचा पेकाक, आजोबा. या इमारतीतली प्रत्येक तार त्याने ओढलेली. न्येपीत बाहेर राहण्याचा परवाना अजून त्याच्या छातीवर पिनेने लावलेला होता.

"राखणदार फक्त एकदा ओरडला," बागासने कागद सरकवला. "तीस तारखेला पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी. सवलत संपल्यावर. औषधांच्या फाइलीवर. दार्सानाच्या खात्यातून."

"मी ती नीट केली," दार्साना शांतपणे म्हणाला. "डॉक्टरांच्या सहीचा कागद आहे. चारपर्यंत नवी आवृत्ती चढत होती, तोवर कुठल्याच फाइलीला हात लावता येत नव्हता. सुचितीने वॉर्डात पाटी लावली, 'पडद्यावर विश्वास ठेवू नका.' चढवणं संपलं आणि मी टिंब जागेवर आणलं."

"दुरुस्ती तुमची, मान्य. पण त्याआधीचा बिघाडही सवलतीतच झालाय, आणि सवलतीतला प्रत्येक बदल तुमच्या नावावर आहे. बिघडवलं तुम्हीच, अंगाशी आल्यावर झाकलंतही तुम्हीच. आणि ते सवलत संपल्यावर, चोरून."

"सवलत कुठे संपली होती? न्येपी सहाला संपतं."

"तारीख बाराला बदलते, ब्ली."

"तुमच्या सुराबायाला बदलत असेल."

"मेमे," सास्मीने टेबलाखालून विचारलं, "पेकाक तुतना ओरडतायत का?"

"नाही, बोलतायत," रासमिनी म्हणाली. पण तिचं लक्ष कागदावरच्या दोन शब्दांवर अडकलं होतं. *पूर्ण दिवस.* खाली तिची स्वतःची, वळणदार, बिनडोक सही.

३

"बारापर्यंत वेळ द्या," ती डॉक्टरांना म्हणाली. घड्याळात आठ वाजून गेले होते.

"कशासाठी?" बागास वैतागला. "एकोणीसशे सत्तेचाळीस बदल आहेत त्या यादीत. महिनाभर तुम्ही मला सांगताय की सरसकट मंजुरी देऊ नका. आणि मी महिनाभर सांगतोय, तुमचा राखणदार वाऱ्यालासुद्धा ओरडतो, कोण ऐकणार त्याचं?"

"वाऱ्याला ओरडतो म्हणून चोराला 'या, बसा' म्हणायचं?"

"बारापर्यंत," डॉक्टर म्हणाले.

तिने आधी दार्सानाला जिन्याखालच्या त्याच्या खोलीत गाठलं. त्याने सास्मीसाठी सालाक सोलायला घेतलं. त्या फळाच्या खवल्याखवल्यांच्या सालीत नख रुतवून त्याने ती एका ओढीत काढली.

"ब्ली तुत, चुकीची फाइल पुसलीत का?"

"पुसेन कशाला? बाजूला ठेवलीये. जशीच्या तशी." त्याने पहिली फोड मुलीच्या हातात दिली. "तेही बागासला वाकडंच दिसतंय. म्हणतो, पुरावा म्हणून मुद्दाम ठेवला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, मांग. तीस वर्षं झाली. मुलीचं लग्न ठरलंय माझ्या. व्याही पोलिसाच्या नावाने दोन हात लांब पळणारा माणूस."

"तुम्ही रुग्णालयात आलात कधी?"

"एकोणतीसला पहाटे पाचला. न्येपीच्या आधी आत शिरायचं होतं. त्याआधी कुठला येणार? आमचा ओगोह-ओगोह यंदा तीन माणसांच्या उंचीचा. राक्षसाला मिरवून स्मशानात नेऊन जाळेपर्यंत दीड वाजला. डाव्या खांद्याला अजून बांबूचा वळ आहे."

रासमिनीने तो वळ पाहिला नाही. तिच्या मनात काहीतरी सरकत होतं, अजून हाती लागत नव्हतं.

तिथून ती औषधविभागात गेली. देसाक सुक्रेनी तिथली मुख्य औषधपाल. औषधांची फाइल तिच्याच ताब्यात असे. अकरा वर्षांची ओळख. सास्मीला ताप आला की रासमिनी आधी हिला फोन करायची, मग डॉक्टरला. आज ती बाटल्यांची लेबलं एका दिशेला वळवत उभी होती. सगळ्या आधीच एका दिशेला होत्या.

"देसाक, त्या नव्या बाटल्या..."

"अठ्ठावीसला आल्या. मिरवणुकीने रस्ते बंद, गाडी तीन तास राक्षसांच्या मागे अडकली होती. जे काय होतं ते मी अठ्ठावीसलाच उरकलं आणि घरी गेले. न्येपीत माझ्याकडे फोन नाही, तुला माहीत आहे."

"फाइल जिथून बदलतात त्या खिडकीतल्या संगणकाचं सामाईक खातं कोण कोण वापरतं?"

"मी. रात्रपाळीची मुलगी, पण ती सुट्टीवर होती. मास बागास, ते इथेच अतिथीखोलीत राहिले होते, विमानतळ बंद म्हणून. ब्ली तुत." तिने एक बाटली उगाच फिरवून परत होती तशी केली. "बिचारे ब्ली तुत."

"तुम्हाला वाटतं त्यांनी केलं?"

"मला काय वाटतं याने काय होणार?" देसाक म्हणाली, आणि सास्मीसमोर वाकून तिचे केस नीट करू लागली. तिचे हात थंड असावेत, कारण सास्मीने मान आक्रसून घेतली.

जिन्यावरून परत येताना रासमिनी मध्येच थांबली. मनात सरकणारी गोष्ट आता हाती लागली होती. सवलत एकोणतीस तारीख संपली त्या मध्यरात्री बंद झाली होती, उजाडण्याच्या सहा तास आधी. म्हणजे ती उघडलीही मध्यरात्रीच असणार. सहा तास आधी. दार्साना रुग्णालयात पाय ठेवण्याच्या पाच तास आधीपासून राखणदाराच्या तोंडाला बूच बसलेलं होतं.

४

एकोणीसशे सत्तेचाळीस.

बागासने छापलेल्या यादीत फक्त तारीख होती, तीही सगळीकडे एकच. तिने मुळातली नोंद उघडली. तिच्यात वेळ होती, संगणक होता, खातं होतं, आणि ओळींमागून ओळींचं असं रान होतं की पाहूनच डोकं धरावं.

पण लग्नघरी पाहुणे मोजायची एक पद्धत असते. आलेल्यांची तोंडं पाहत बसायचं नाही, आमंत्रणांची यादी घेऊन बसायचं. नवी आवृत्ती ज्या कंपन्यांनी धाडली, त्या सोबत आपल्या प्रत्येक फाइलीच्या ठशाचीही यादी धाडतात. त्या तीन याद्या रासमिनीकडे होत्या. कोणी कधी वाचल्या नव्हत्या. वैतागून महिनाभर तिने त्याच वाचायला सांगितल्या होत्या.

तिने संगणकाला सांगितलं, ज्याचा ठसा आमंत्रणात आहे, तो वगळ.

पहिल्या यादीने बाराशे गेले. दुसरीने सहाशेनव्वद. सास्मी शेजारच्या खुर्चीवर गुडघे टेकून बघत होती.

"ते कुठे गेले?"

"ते बोलावलेले होते, राणी. त्यांचं काही नाही."

"आणि न बोलावलेले?"

"तेच शोधतेय."

तिसऱ्या यादीने छप्पन गेले. पडद्यावर एकच ओळ राहिली.

औषधांची फाइल. एकोणतीस तारीख, रात्री बारा वाजून बावन्न मिनिटं. औषधविभागाच्या खिडकीतला संगणक. सामाईक खातं. आणि समोर, सवलतीच्या कृपेने, "मंजूर: के. दार्साना."

बारा बावन्नला दार्साना स्मशानात राक्षस जाळत होता. तिने त्याच्या वस्तीतल्या तीन जणांना फोन लावले. तिघांनीही आधी क्षमा मागितली, मग आपापली चित्रफीत धाडली. तिसरीत ज्वाळांच्या उजेडात दार्साना उघड्या अंगाने बांबू ओढत होता, आणि फितीवर वेळ होती बारा एकोणपन्नास. पुढची सहा मिनिटं तो चौकटीबाहेर गेला नव्हता.

तिने सुस्कारा टाकला. दार्साना सुटला, पण तो खिडकीतल्या संगणकावर बसलेला दुसरा कोण? त्या रात्री इमारतीत झोपलेला, सामाईक खातं ठाऊक असलेला, आणि सवलत नेमकी मध्यरात्री उघडते हे जगात एकट्यालाच माहीत असलेला माणूस होता बागास.

साडेअकरा वाजले होते.

५

"हे बघा," बागास म्हणाला. "मी सवलत मध्यरात्रीपासून ठेवली, कारण एकोणतीस तारीख मध्यरात्री सुरू होते. यात गुन्हा काय?"

"गुन्हा नाही. फक्त बाकी कोणाला ते माहीत नव्हतं," डॉक्टर विबावा थंडपणे म्हणाले. "आणि अतिथीखोलीतून औषधविभाग चाळीस पावलं."

"मी का करेन असं?"

"दार्सानाला काढा, असं तीनदा लिहून दिलंय तुम्ही मला."

"कारण ते माझं ऐकत नाहीत. म्हणून मी बाळाला मारायला निघालो?" त्याने रासमिनीकडे पाहिलं. प्रथमच त्याच्या आवाजातली तार तुटली होती. "म्बोक मांग, ताई, तुम्हाला मी आवडत नाही, ठीक आहे. पण तुम्ही सांगा, मी केलं?"

रासमिनीला तो खरोखरच आवडत नव्हता. तसं म्हणून टाकणं फार सोपं होतं, आणि बारा वाजायला वीस मिनिटं होती.

"चुकीच्या फाइलीची प्रत कुठे आहे?" तिने विचारलं.

दार्सानाने ती पडद्यावर लावली. या फाइलीची एक रीत होती: जो बदल करेल त्याने सर्वांत वर तारीख आणि कारण लिहायचं. नाव लिहायची रीत मात्र नव्हती, ते राखणदार पाहील असं सगळे धरून चालत.

पहिली ओळ होती: "२८. जुना साठा संपला. नव्या बाटल्या, दुप्पट तीव्र."

"हीच तर गोम आहे," बागास म्हणाला. "बदल झाला एकोणतीसला आणि ओळीत अठ्ठावीस. अठ्ठावीसला राखणदार जागा होता, तो गप्प बसला नसता. म्हणजे तारीख खोटी. खोटी तारीख घालतो तो चोरच."

"चोर असता तर त्याने ओळच कशाला लिहिली असती?" रासमिनी म्हणाली. ती आता हळू बोलत होती, कारण स्वतःच आपलं बोलणं ऐकत होती. "चोर कारण लिहितो का? आणि कारण खरं आहे. बाटल्या खरंच आल्या होत्या, खरंच दुप्पट तीव्र होत्या. आकडा बदलायलाच हवा होता. हा बदल चोरीचा नाही, मास बागास. हा कामाचा बदल आहे. फक्त हात चुकला."

"मग तारीख?"

"तुम्ही मध्यरात्रीनंतर बावन्न मिनिटांनी कागदावर तारीख घातली असती तर कोणती?"

"एकोणतीस. अर्थात."

"अर्थात. तुम्ही अख्खी सवलत त्याच हिशेबाने लावलीत. अठ्ठावीस तुमच्या हातून निघणारच नाही. म्हणून तुम्ही सुटलात." बागासने खुर्ची ओढून घेतली. "पण आमच्या घरांत दिवस उजाडल्यावर बदलतो. सूर्य वर येईपर्यंत ती परवाचीच रात्र, राक्षसांची रात्र, अठ्ठावीसच. ब्ली तुतनेही अठ्ठावीसच लिहिलं असतं, पण ते स्मशानात होते. तारीख खोटी नव्हती. लिहिणाऱ्याने अगदी प्रामाणिकपणे लिहिली होती."

तिला पुढचं बोलायचं नव्हतं. सास्मी तिच्या गुडघ्याला टेकून उभी होती आणि तिच्या केसांना औषधविभागातल्या त्या ओळखीच्या साबणाचा वास येत होता.

"आणि आज सकाळीच मला कोणीतरी म्हणालं," ती म्हणाली, "जे काय होतं ते मी अठ्ठावीसलाच उरकलं."

दार उघडंच होतं. देसाक सुक्रेनी दाराशी उभी होती. किती वेळ उभी होती, कोण जाणे.

६

"गाडी साडेअकराला आली," देसाक म्हणाली. तिला कोणी बस म्हटलं नाही, आणि ती बसलीही नाही. "बाटल्या मोजून लावेपर्यंत साडेबारा. उजाडलं की रस्ते बंद, आणि जुनी एकही बाटली शिल्लक नाही. फाइल बदलल्याशिवाय जाऊन कसं चालेल? झोप येत होती. बदलली."

"एकदाही तपासली नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

देसाकने रासमिनीकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"अकरा वर्षं मी फाइल बदलली की पाच मिनिटांत हिचा फोन येतो. दिवस असो, रात्र असो. 'देसाक, ही तुम्हीच ना?' मी म्हणते, हो बाई, मीच. मग वैतागून पुन्हा उघडते, आता काय झालं म्हणून. आणि पुन्हा वाचते. तेच माझं तपासणं. तीनदा माझी चूक मला तशीच सापडलीये, मांग, तुला कधी सांगितलं नाही. त्या रात्री मी खिडकीत अर्धा तास बसून राहिले. फोन आला नाही. म्हटलं, आज सगळं बरोबर असणार. घरी गेले."

रासमिनीच्या डोळ्यांसमोर तो अर्धा तास उभा राहिला: अंधारी खिडकी, जांभया देणारी बाई, आणि न वाजणारा फोन. त्या वेळी ती स्वतः सास्मीच्या पाठीवर हात ठेवून झोपली होती, आज एकही फोन करायचा नाही या सुखात. पूर्ण दिवस म्हणजे उजाडल्यापासून, असं धरून तिने सही केली होती. बागासने मध्यरात्रीपासून धरलं. दोघांनी एकाच टेबलावर, एकाच पेनाने सह्या केल्या, आणि एकमेकांना एक साधा प्रश्न विचारला नाही.

"चूक माणसाकडून होते," डॉक्टर म्हणाले. "पण सकाळी सहाला तुम्ही आलात. दार्सानाचं नाव लागलेलं पाहिलंत."

"पाहिलं."

"आणि?"

"लेबलं लावत बसले." देसाकचा आवाज इतका बारीक झाला की सास्मीने कान पुढे केला. "दर वेळी वाटायचं, पुढच्या बाटलीनंतर सांगू."

डॉक्टरांनी पोलिसांसाठी लिहिलेला कागद चार वेळा फाडला, चारही वेळा गरजेपेक्षा जास्त जोर लावून. देसाकला घरी जायला सांगितलं. तिचं काय करायचं ते सोमवारी ठरणार होतं. बागास भिंतीकडे बघत म्हणाला, "सवलतीच्या कागदावर यापुढे तास लिहू. कुठून कुठपर्यंत."

"आणि सवलत फक्त आमंत्रणातल्यांना," रासमिनी म्हणाली. "बाकी कोणी हललं की राखणदार ओरडणार. न्येपी असो नाहीतर प्रलय."

"वैताग होईल तुम्हाला."

"होऊ दे. मला पगार त्याचाच मिळतो."

ती सास्मीला घेऊन बाहेर आली. व्हरांड्यात डॉक्टर बाळाच्या बापाशी बोलून नुकतेच आत वळले होते. सगळं सांगितलं होतं त्यांनी, कोणाचा हात चुकला ते, आणि कोणी दुरुस्त केलं तेही. तो कोवळा बाप बाकाच्या टोकावर बसून होता, हातात बाळाचं दुमडलेलं दुपटं. व्हरांड्यातल्या कुजबुजीत कानावर पडलेलं दार्सानाचं एकच नाव तो सकाळी सहापासून सहा तास मनात उगाळत होता.

दार्साना खोलीतून बाहेर आला. परवाना त्याने काढून ठेवला होता, सदरा बदलला होता, डोक्याला पांढरा उदेंग बांधला होता. आजचा दिवस चुकवायचा नसतो. त्याने आधी बैठकीच्या खोलीच्या दारात उभं राहून बागासपुढे हात जोडले. "कळत नकळत माझ्याकडून काही चुकलं असेल तर पोटात घाला." बागास गडबडून उठला आणि त्याच्याहून खाली वाकला. मग दार्साना जिन्याशी थांबलेल्या देसाककडे गेला आणि तेच शब्द म्हणाला. तिने ओंजळीत तोंड लपवलं.

शेवटी तो त्या बाकापाशी गेला. हात जोडून, मान लववून, तेच शब्द. बापाने वर पाहिलं, ओठ हलवले, पण त्याचे हात काही दुपट्यावरून उठले नाहीत. थोड्या वेळाने त्याने मान दुसरीकडे वळवली. दार्साना तसाच उभा राहिला, जोडलेले हात खाली घ्यावेत की नाही, हे न कळल्यासारखा.

सास्मीने आईचं बोट ओढलं.

"मेमे, पेकाक तुतनी तर काहीच केलं नव्हतं ना?"

"नाही, राणी. काहीच नाही."

"मग ते कशाची माफी मागतायत?"